थोडा करपा असू द्यावा

आपल्याकडचा बटाटेवाला शेतकरी बेण्याचे डोळे लावतो, बी पेरत नाही. मैदानी मुलखातल्या लहान दिवसांत बटाटा क्वचितच फुलतो आणि त्याचं फळ बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. शिमल्याजवळ कुफरीला, अडीच हजार मीटर उंचीवर, उन्हाळ्याच्या लांब दिवसांत तोच बटाटा फुलून येतो. संकर प्रामुख्याने तिथेच केला जातो, म्हणून भारतीय वाणांच्या नावाआधी ‘कुफरी’ लागतं.

कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने तिचे पाचही पुंकेसर काढायचे, निवडलेल्या नराचे परागकण कुक्षीवर टेकवायचे, देठाला चिठ्ठी बांधायची. गोटीएवढं हिरवं फळ धरतं, त्यात शंभर-दोनशे बारीक बिया. लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८. त्यामुळे एका फळातल्या दोन बियासुद्धा सारख्या निघत नाहीत. एकीचं रोप करप्याला दाद देत नाही, पण बटाटे सुपारीएवढे. दुसरीला भरघोस बटाटे, पण पहिल्याच धुक्यात पानं काळी. हजारो रोपांतून मूठभर राखायची आणि बाकीची उपटायची, हेच नवं वाण घडवण्याच्या या कामाचं मुख्य अंग. एक वाण शेतात पोचायला दहा-बारा वर्षं सहज जातात.

उपटताना नजर कशावर ठेवायची? उशिराच्या करप्याची बाधा मुद्दाम करून वाफा पाहायला गेलं, की नव्या सहकाऱ्यांना एकही डाग नसलेलं रोप आवडतं. मला त्याचाच संशय येतो. मेक्सिकोतल्या सोलॅनम डेमिसम या रानटी जातीतून करप्याविरुद्धची अकरा जनुकं ओळखली गेली. त्यातलं एखादं अंगी असलं, की रोप स्वच्छ राहतं. पण ते रोगाच्या ठरावीक प्रकारांनाच ओळखतं. रोगाने रूप पालटलं, की सारं शेत एकदम उघडं पडतं. १९६८ साली कुफरी ज्योती आली तेव्हा ती करप्याला पुरून उरत होती. वाण लोकांच्या पसंतीला उतरलं आणि टिकलं, प्रतिकार मात्र ओसरला. पुणे जिल्ह्यातल्या खेड-आंबेगावात खरिपाचा बटाटा भर पावसात उभा असतो. ढगाळ हवा लांबली, की तिथे फवारणीचा खर्च काय होतो ते त्या शेतकऱ्याला विचारावं.

म्हणून मी डाग पडलेलं पण न हरलेलं रोप राखते. त्याच्यावर डाग हळू पसरतो, डागावर बीजाणू कमी धरतात, बटाटा भरायला सवड मिळते. हा गुण अनेक जनुकांचा, थोडाथोडा मिळून झालेला. त्या अकरांपैकी एखादं जबर जनुक शेजारी असलं की तो झाकला जातो आणि मोजताच येत नाही. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने याच कारणासाठी ती जबर जनुकं वगळून रोपांचा वेगळा समूह तयार केला. हा मला या क्षेत्रातला फार शहाणा निर्णय वाटतो.

अर्थात प्रत्येक शत्रूला हाच न्याय लावता येत नाही. वाय विषाणूविरुद्धची काही एकेकटी जनुकं अनेक वर्षं टिकून आहेत. सूत्रकृमीची गोष्ट आणखी निराळी. इंग्लंडच्या मॅरिस पायपर या १९६६च्या वाणातल्या एच-वन जनुकाने सोनेरी सूत्रकृमीला दशकानुदशकं रोखलं. पण त्याने मोकळी झालेली जागा फिकट सूत्रकृमीने घेतली. निलगिरीत दोन्ही आहेत, त्यामुळे तिथल्यासाठी १९८५ साली दोघांनाही तोंड देणारी कुफरी स्वर्णा द्यावी लागली.

माझं मन सध्या अडकलंय ते बटाट्यावरच्या पतंगाच्या अळीत. पुणे जिल्ह्यात बटाटा अरणीत, म्हणजे सावलीतल्या ढिगात, साठवतात आणि ही अळी शेतातून तिथवर येते, डोळ्यापाशी शिरून आत बोगदे करते. खायच्या मालावर औषध मारणं मला पटत नाही. प्रतिकार कंदातच हवा. काही रानटी जातींच्या कंदांत अळी नीट वाढत नाही. पण त्यांच्याशी संकर केला, की लांबलचक फुटवे, बारीक कंद आणि कडवट, विषारी ग्लायकोअल्कलॉइडही पाठोपाठ येतात. हे नको असलेले गुण काढून टाकायला लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. प्रत्येक पिढीत अळ्या मोजण्याआधी मी कंद प्रयोगशाळेत तपासायला पाठवते. ग्लायकोअल्कलॉइड जास्त निघालं, तर अळी मरत असली तरी तो वंश मी तिथेच थांबवते.