लेडव्हिलचे शंभर मैल

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत, रॉकी पर्वताच्या ऐन माथ्याजवळ, लेडव्हिल नांवाचें खाणवाल्यांचें एक जुनें गांव आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारें १०,१५० फूट. म्हणजे आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवावी, तेव्हां कोठें हें गांव पायाखालीं दिसेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें चांदीनें सुकाळ केला. पुढें जवळच्या क्लायमॅक्स खाणींतील मॉलिब्डेनम धातूवर गांव जगूं लागलें. १९८२ सालीं ती खाण बंद पडली आणि चुली थंडावल्या. तेव्हां केन क्लोबर नांवाच्या खाणकामगारानें १९८३ सालीं शंभर मैल धांवण्याची शर्यत काढली. पाहुण्यानें निदान एक रात्र तरी गांवांत काढावी, हा त्यांतला रोकडा व्यवहार! १९९४ पासून डोंगरी सायकलींचीही शर्यत भरूं लागली. खाण २०१२ सालीं पुन्हां उघडली, तरी शर्यती चालूच राहिल्या.

या शर्यतींत नांवें चिठ्ठ्या टाकून काढतात. आमची चिठ्ठी निघाल्याचें कळतांच पुण्याहून मातोश्रींचा फोन आला, “अरे, पन्नाशी उलटली ना तुझी?” चिरंजीव मात्र आमच्या बाजूचे. बारा तासांच्या आंत परतणारासच कमरपट्ट्याचें बक्कल मिळतें; आणि तें त्यास दाखवावयाचें आम्हीं कबूल करून बसलों होतों.

ऑगस्टांतली पहाट, पण थंडी पौषांतली. साडेसहाला बंदुकीचा बार झाला आणि शेंकडों सायकली सुटल्या. आमचा समज असा, कीं पाय दुखतील. पायांनीं फारशी तक्रार केलीच नाहीं. तक्रार केली तळहातांनीं. खडकाळ उतारावर मुठी आवळून आवळून तिसाव्या मैलापर्यंत करंगळी व अनामिका बधिर झाल्या. मग मान, मग कंबर; आणि बैठकीच्या जागेविषयीं सभ्य मासिकांत न लिहिलेलेंच बरें.

खरी परीक्षा चाळिसाव्या मैलानंतर. ट्विन लेक्स या जुळ्या तलावांपासून कोलंबाइन खाणीपर्यंत तीन हजार फुटांहून अधिक चढ आहे. आधीं देवदारासारख्या वृक्षांची दाट सांवली, मग झाडें खुजीं होत होत संपतात आणि उघडी दगडी वाट उरते. माथा सुमारें १२,४०० फुटांवर. तेथें एका श्वासांत समुद्रकांठच्या मानानें दोनतृतीयांशहून कमीच प्राणवायु मिळतो. छाती भात्यासारखी चाले, पण आंत कांहीं पोंचत नाहींसें वाटे. पोटानें तर असहकारच पुकारला. सौभाग्यवतींनीं दिलेला दाण्याचा लाडू तोंडांत घोळत राहिला, गिळवेना. न खावें, तर शक्ति जाते. खावें, तर उलटतें. शेवटीं लाडवाचा चिमूटभर चुरा जिभेखालीं धरून पाण्याच्या घोटाबरोबर उतरवूं लागलों. असा एक लाडू संपवावयास तासभर लागला. आमच्या मतें त्या दिवशींचा आमचा पराक्रम एवढाच.

परतीच्या वाटेवर, सुमारें ऐंशीव्या मैलाशीं, विजेच्या तारांखालून सरळ वर गेलेला एक चढ लागतो. त्यास पॉवरलाइन म्हणतात. सायकलवरून उतरून सायकलच ढकलावयाची, तर हिला सायकलची शर्यत कां म्हणावें, हा प्रश्न वाचकांस पडेल. तेथें बहुतेक सर्वांना पडला असावा, कारण रांगच्या रांग खालीं मान घालून ढकलीत होती. कोणी बोलेना. माथा आलासा वाटे आणि त्यामागून दुसरा उभा राही. असें अनेकदां झालें. घड्याळ पाहिलें, तेव्हां नऊ तास उलटले होते. आमच्या पुढचे एक गृहस्थ रस्त्याकडेला बसले, ते उठेनात. आम्हीं त्यांस पाणी देऊं केलें. त्यांनीं हातानेंच “पुढें व्हा” म्हणून खुणाविलें.

गांवांत शिरलों, तेव्हां बारा तासांस अकरा मिनिटें उरलीं होतीं. शिरस्त्राणाचा बंद सोडावयास बोटें वळेनात. तेथील एका वृद्ध बाईंनीं तो लेकरासारखा सोडून दिला. दुसरे दिवशीं बक्कल मिळालें, तें चिरंजीवांच्या हवालीं केलें. करंगळीची बधिरता मात्र दसऱ्यापर्यंत आमच्याकडे होती.