पडद्याबाहेरचा देह

आत्मविश्वास ही मनाची अवस्था आहे असे आपण म्हणतो. पण ती पारखण्याची वेळ आली की आपली नजर देहाकडेच वळते. खांद्यांची ठेवण, मानेचा कोन, डोळ्यांची स्थिरता एवढ्यावरून आपण समोरच्या माणसाविषयी निर्णय घेऊन मोकळे होतो. विद्यापीठातील मौखिक परीक्षांच्या निमित्ताने कित्येक वर्षे समोरच्या खुर्चीत बसलेले तरुण देह पाहण्याचे काम माझ्याकडे होते, आणि या निर्णयांचा पाया किती ठिसूळ असतो हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. अलीकडे त्याला अनपेक्षित वळण मिळाले ते व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांमुळे.

आपल्या परिचयाच्या खेळांत देह हाच खेळाडू असतो. मल्ल आखाड्यात उतरतो, माती कपाळाला लावतो आणि मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो. तो आवाज प्रतिस्पर्ध्यासाठी असतो, पाठीमागच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असतो आणि थोडासा स्वतःसाठीही असतो. बुद्धिबळात देह शांत झाला, पण नाहीसा झाला नाही. 1959 सालच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत पाल बेन्को हा मिखाईल तालच्या भेदक नजरेपासून बचाव व्हावा म्हणून काळा चष्मा लावून पटासमोर बसला होता. डाव तो हरलाच. चष्म्याने डोळे झाकले, तालच्या चाली झाकल्या नाहीत.

व्हिडिओ गेममध्ये मात्र देहाची फाळणी होते. एक देह पडद्यावर असतो. तो उड्या मारतो, प्रहार करतो, कोसळतो, पुन्हा उठतो. दुसरा खुर्चीत असतो आणि त्याची सारी कर्तबगारी दहा बोटांत आलेली असते. पाठ वाकलेली, मान पुढे आलेली, तोंड किंचित उघडे, पापणी लवत नाही. दाराशी आलेल्या आईला हे दृश्य आळसाचे वाटते. 1990 नंतरच्या दशकात आपल्याकडील लहानमोठ्या शहरांतून जी व्हिडिओ गेम पार्लरे निघाली, तिथे हा दुसरा देह निदान उभा तरी असे. कॅपकॉम कंपनीचा 1993 सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ आपल्या पोरांनी त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' या नावाने घरचा करून टाकला होता. त्या यंत्राभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहणे, मागच्यांचे शेरे ऐकणे, हरल्यावर बाजूला होणे या सगळ्याला देहाची एक रीत होती. पुढे खेळ घरात आला, मग मोबाईलमध्ये गेला, आणि ती रीत शिकण्याची जागाच राहिली नाही.

या फाळणीचा सर्वांत बोलका दाखला 2004 सालचा आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे 'इव्हो' ही स्पर्धा भरली होती. 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक' या द्वंद्वाच्या खेळात जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर होते. उमेहाराच्या केन या पात्राची प्राणशक्ती दर्शवणारी पट्टी जवळजवळ संपली होती. वाँगने आपल्या चुन-ली या पात्राचे पंधरा लाथांचे अस्त्र सोडले. सामान्य बचाव करायचा तर दांडी मागे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यापासून दूर ओढून धरायची असते. पण असा बचाव करूनही अशा अस्त्राचा थोडा घाव बसतोच, आणि उमेहाराला तेवढाही परवडणारा नव्हता. त्या खेळात दुसरा एक उपाय आहे. प्रहार अंगाला लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडी पुढे, प्रहाराच्याच दिशेने ढकलायची. वेळ साधली तर घाव शून्य. चुकली तर सारे संपले. उमेहाराने हे पंधरा वेळा साधले, शेवटची लाथ हवेत उडी घेऊन परतवली आणि लगेच प्रतिहल्ला करून तो डाव जिंकला. (स्पर्धेची अंतिम लढत तो हरला, हे या प्रसंगाच्या चाहत्यांना सहसा आठवत नाही.)

या प्रसंगाचे चित्रमुद्रण आजही पाहिले जाते. मी ते पुन्हापुन्हा पाहिले आहे. त्यात गर्दीचा कल्लोळ वाढत जातो, पण ज्या दोन माणसांमुळे तो उठला त्यांच्या देहांकडे प्रेक्षकाचे लक्षच जात नाही. आत्मविश्वासाची सारी देहबोली तिथे एका दांडीच्या दिशेत सामावली आहे. संकटापासून मागे सरणे हा देहाचा सहज धर्म. इथे संकटाकडे सरकणे हाच बचाव, आणि तोही मनगटाच्या अल्पशा हालचालीत. पुढे याच उमेहाराने काही काळ खेळ सोडला आणि वृद्धांच्या शुश्रूषेचे काम केले. पडद्यावरच्या देहात इतकी वर्षे घालवलेल्या माणसाने थकल्या देहांना आधार देण्याचे काम पत्करावे, याचे मला अप्रूप वाटते. 2009 च्या सुमारास तो खेळात परतला.

त्याच खेळात शड्डूचीही सोय आहे. दोन बटणे एकत्र दाबली की पात्र प्रतिस्पर्ध्याला डिवचणारा एखादा हावभाव करते. गंमत अशी की हा हावभाव पुरा झाला तर बहुतेक पात्रांचे बळ खरोखरच थोडे वाढते. म्हणजे देह फुलवून दाखवला की सामर्थ्य येते, हा नियमच रचनाकारांनी खेळात घालून ठेवला आहे. वास्तव जगातही असेच घडते असा दावा 2010 साली अमेरिकेतील तीन संशोधकांनी केला. दोन मिनिटे हातपाय पसरून ऐटीत बसले-उभे राहिले तर शरीरातील संप्रेरकेसुद्धा बदलतात, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो 42 जणांवरील प्रयोगावर आधारलेला होता. त्यांपैकी एमी कडी यांचे 2012 सालचे व्याख्यान जगभर गाजले. 2015 साली दुसऱ्या संशोधकांनी 200 जणांवर तोच प्रयोग करून पाहिला. माणसांना आपण समर्थ आहोत असे वाटले खरे, पण संप्रेरकांत आणि वागण्यात तो परिणाम आढळला नाही. मूळ प्रयोगाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी 2016 साली या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांतून मात्र ती ऐट अजून शिकवली जाते.

अशाच एका वर्गातून माझा भाचा परत आला होता. वय चोवीस, अभियांत्रिकीची पदवी, आणि द्वंद्वाच्या खेळांत स्थानिक स्पर्धांतून बऱ्यापैकी नाव. नोकरीच्या दोन मुलाखतींत 'आत्मविश्वास कमी' असा शेरा त्याच्या वाट्याला आला होता. दोन्ही मुलाखती संगणकाच्या पडद्यावर झाल्या होत्या. म्हणजे ज्या पडद्यासमोर तो कोणालाही भीत नाही, त्याच पडद्यात या वेळी त्याचा स्वतःचा देह दिसत होता. "मामा, तुम्ही नाट्यशास्त्र शिकवलंत ना? मग मला नीट बसायला शिकवा," तो म्हणाला. वर्गात सांगितलेले सारे त्याने पाठ केले होते : तळवे उघडे, हनुवटी वर, दर काही वाक्यांनी स्मित. करून दाखवताना तो केविलवाणा दिसत होता.

मी त्याला आधी खेळून दाखवायला सांगितले. मित्राला शेजारी बसवून तो खेळला. सुरुवातीला त्याने दोन्ही हात पँटला पुसले, तळपाय जमिनीवर सपाट टेकवले, एक लांब श्वास सोडला. मग अर्धा तास तो जवळजवळ हललाच नाही. एक फेरी हरला तेव्हा चेहऱ्यावरची रेघ बदलली नाही. का, असे विचारल्यावर म्हणाला, "हरल्यावर मान टाकली की पुढची फेरीही गेली. बाजूला बसलेल्याला लगेच कळतं."

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार केले. आंगिकाचा त्याचा पसारा थक्क करणारा आहे. डोक्याच्या हालचाली तेरा, दृष्टी छत्तीस. वर्गातले शिक्षक जे शिकवतात ते याच आंगिकाचे फार दरिद्री रूप होय. पण सात्त्विकाविषयी भरत वेगळे बोलतो. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय हे आठ भाव नुसत्या अवयवांच्या आज्ञेने आणता येत नाहीत. सत्त्व मनातून उपजते आणि त्यासाठी मन समाहित, एकाग्र व्हावे लागते. भाच्याचे ओले तळहात हा स्वेद होता आणि त्याची निश्चलता हा एक प्रकारचा स्तंभ. शास्त्रात स्तंभाची कारणे हर्ष, भय, विस्मय अशी येतात, त्यामुळे हा अर्थ मी थोडा ताणतो आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मुलाखत घेणाऱ्यांनी ज्याला निर्जीवपणा म्हटले, ती एकाग्र मनाची देहबोली असू शकते, हे म्हणणे मी मागे घेणार नाही. तिचे वाचन करायला ते शिकलेले नव्हते, इतकेच. मौखिक परीक्षेत खाली पाहून, थांबत थांबत उत्तरे देणाऱ्या आणि प्रबंधात मात्र विलक्षण ठाम असणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या बाजूने मला सहपरीक्षकांशी वाद घालावे लागले आहेत.

मी भाच्याला स्मित वगळायला सांगितले. तळपाय टेकवणे, श्वास सोडणे आणि चुकीच्या उत्तरानंतर मान न टाकणे, एवढेच खेळातून उचलून मुलाखतीत न्यावे, असे सुचवले. "पाय तर कॅमेऱ्यात दिसतच नाहीत," तो म्हणाला. मी म्हटले, दिसण्यासाठी ते टेकवायचेच नाहीत. भारत सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधील एक प्रकार म्हणून मान्यता दिली आहे, तेव्हा स्पर्धांचा उल्लेख अर्जातून गाळू नये, असेही मी सांगितले. तो त्याने तोवर लाजेने गाळला होता.

तिसऱ्या मुलाखतीत त्याला त्या उल्लेखाविषयीच विचारण्यात आले. प्रहाराच्या दिशेने दांडी का ढकलायची, हे तो दहा मिनिटे समजावून सांगत होता. हात आपोआप हलत होते, असे त्याची आई सांगते. ती दाराआडून ऐकत होती. ती नोकरी त्याला मिळाली नाही. दोन महिन्यांनी दुसरी मिळाली. तिथे निवड लेखी चाचणीवरच झाली, आणि रुजू होईपर्यंत त्याला कोणी पाहिलेही नव्हते.