सहाजणांचा संसार

आषाढात मावळातला पाऊस एकदा स्थिरावला, म्हणजे आम्हां घाटमाथ्यावरील लोकांचे घराबाहेरील जग जवळजवळ तीन महिने मिटते. लोहगड-विसापूर धुक्यात गडप होतात, भातखाचरे तुडुंब भरतात, आणि माणसे, कपडे, पुस्तके, सरपण, दाणागोटा अशी सारी चीजवस्तू एका छपराखाली दाटीवाटीने नांदू लागते. दोरीवर घातलेले धोतर चार-चार दिवस वाळत नाही. मग त्या ओल्या धोतरावरून शब्दाला शब्द वाढतो. अशा दिवसांत आम्ही समुद्रप्रवासाची वर्णने वाचतो. लहान जागेत पुष्कळ दिवस एकत्र कसे राहावे, या विद्येत पारंगत असे लोक जगात दोनच: एकत्र कुटुंबातील स्त्रिया आणि लहान गलबतावरील खलाशी.

डोंगरातल्या मास्तराला समुद्राची उठाठेव कशाला, असे वाचकांस वाटेल. परंतु लोणावळ्याचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे. सरखेल कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांचा १७१४ सालचा समेट याच परिसरात झाला. आणि जेथून समुद्र दिसतही नाही अशा या गावी, समुद्रसपाटीहून सुमारे दोन हजार फूट उंचीवर, १५ फेब्रुवारी १९४५ पासून ‘शिवाजी’ ही नौदलाची संस्था जहाजांवरील यंत्रांची विद्या शिकवीत आहे. तेव्हा आमची उठाठेव अगदीच अस्थानी नाही.

१९०३ हे साल आमच्या मनात दोन कारणांनी कोरले गेले आहे. त्या वर्षी लोकमान्य टिळकांचा, आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे शोधणारा ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्त पुढे विद्वानांनी स्वीकारला नाही. तथापि कित्येक दिवस टिकणारी उषा आणि कित्येक महिन्यांची रात्र या गोष्टींकडे मराठी वाचकांचे लक्ष त्या ग्रंथाने वेधले. लोकमान्य ज्या दीर्घ रात्रीचा शोध ऋचांत घेत होते, तीच रात्र प्रत्यक्ष अनुभवण्यास त्याच वर्षीच्या जूनमध्ये नॉर्वेच्या राजधानीतून एक लहानसे गलबत मध्यरात्री, भर पावसात निघाले. त्याचे नाव ‘योआ’. नायक होता रोआल्ड आमुंडसेन, आणि बरोबर सहा सोबती.

‘योआ’ हे मूळचे हेरिंग मासे धरण्याचे गलबत. १८७२ साली बांधलेले, वजनाने ४७ टन, लांबी सुमारे ७० फूट, रुंदी सुमारे २० फूट. शिडांच्या मदतीस १३ अश्वशक्तीचे एक यंत्र. म्हणजे मावळातील एखाद्या चौसोपी वाड्याचा एक सोपा समुद्रात ढकलावा, एवढाच हा पसारा. त्यात पाच वर्षांची बेगमी भरलेली! अटलांटिकमधून कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ बेटांतून पॅसिफिकमध्ये उतरण्याची वाट शोधावयाची होती. त्याच वाटेसाठी १८४५ साली फ्रँकलिन दोन मोठी जहाजे आणि १२९ माणसे घेऊन बर्फात शिरला होता. त्यांपैकी एकही परतला नाही. जेथे मोठी जहाजे अडकली तेथून ‘योआ’ निसटले, याचे कारण शौर्याइतकेच साधे आहे. लहान गलबताला पाणी थोडे लागते, म्हणून उथळ खाड्यांतून ते जाऊ शकते. आणि सात तोंडांना पुरेल इतकी शिकार त्या ओसाड प्रदेशातही मिळते, शंभरांना मिळत नाही.

सप्टेंबर १९०३ मध्ये त्यांनी किंग विल्यम बेटाच्या एका खाडीत नांगर टाकला आणि तेथे जवळजवळ दोन वर्षे काढली. सूर्य कित्येक आठवडे क्षितिजावर येत नसे. अशा काळोखात वेळ काढणे हेच मोठे काम. पण हे लोक रिकामे बसले नाहीत. पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव त्या प्रदेशात होता, आणि त्याची निरीक्षणे रात्रंदिवस चालत. निरीक्षणगृहासाठी लाकूड हवे, म्हणून शिध्याच्या पेट्याच अशा बनवून आणल्या होत्या की, रिकाम्या झाल्यावर त्यांच्या फळ्या उपयोगी पडाव्यात. लोखंडाने चुंबकसूची चळते म्हणून त्या पेट्यांना खिळे तांब्याचे! आमच्या आजीने या दूरदृष्टीला शाबासकी दिली असती. तिच्या घरी आंब्याच्या करंडीतील पेंढादेखील वाया जात नसे.

तेथील नेट्सिलिक लोकांकडून आमुंडसेनने सैल कातड्यांचे कपडे, कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि बर्फाची घरे या गोष्टी शिकून घेतल्या. ज्यांच्या देशात राहावयाचे त्यांचे शहाणपण कमी लेखू नये, हा त्याचा गुण मोठा. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटली ती गलबतावरील राहणी. तेथे लष्करी धाक नव्हता. ज्याचे काम त्याच्या स्वाधीन, आणि त्यात नायकाची ढवळाढवळ नाही. जणू एक चिमुकले प्रजासत्ताकच. मात्र सांगितलेले काम उद्यावर जात नसे. प्रवासात एकदा तेलाचे एक पिंप गळू लागले. आमुंडसेनने तेल दुसरीकडे काढावयास सांगितले, आणि ते तत्काळ काढले गेले. त्यानंतर लवकरच यंत्रघरास आग लागली. ते पिंप भरलेले असते, तर ‘योआ’ची गोष्ट तेथेच संपती. पुढे तिसऱ्या हिवाळ्यात चुंबकीय निरीक्षणे करणारा वीक हा तरुण सोबती आजारी पडून वारला. उरलेले सहाजण ऑगस्ट १९०६ मध्ये अलास्कातील नोम येथे पोहोचले. मार्ग सापडला होता.

सहाजणांच्या अशाच एका संसाराची कथा आपल्या किनाऱ्यावर घडली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात प्रथम ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. तीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे तेथेच ‘तारिणी’ झाली, आणि दोंदे यांनी तयार केलेल्या नौदलाच्या सहा तरुणी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या. नौका सुमारे ५६ फूट. प्रवास २५४ दिवसांचा. त्यांचा मार्ग ध्रुवप्रदेशाचा नव्हता, पण दक्षिण महासागराची थंडी आणि लाटा काही सौम्य नव्हेत. त्या वर्षीची दिवाळी समुद्रातच झाली. परतीच्या वाटेवर सुकाणू बिघडले, म्हणून मॉरिशसला थांबावे लागले. २१ मे २०१८ रोजी सहाही जणी सुखरूप घरी आल्या. अशा नौकेत जी सुकाणू धरते तीच आपल्या पाळीला रांधते, तीच उपसते, तीच शीड शिवते. नायिका म्हणून कोणास भांडी माफ नसतात.

ही हकीकत आम्ही घरी मोठ्याने वाचली, त्यास कारण होते. आमच्या घरी अकरा माणसे. धाकटी सून तळेगावास नोकरीला जाते. त्यामुळे सकाळचा सारा स्वयंपाक थोरलीवर पडतो. दोघीही समजूतदार आहेत. तरी गेल्या चातुर्मासात ‘चूल वेगळी करावी’ हे शब्द स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत आले. वाचन संपल्यावर आमचे कुटुंब म्हणाले, “गलबतावरच्या आचाऱ्याचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्याची भांडी कोण घाशी, ते लिहिले आहे का?” या प्रश्नावर दोन्ही मुलगे हसले, सुना हसल्या नाहीत. त्यातच सर्व उत्तर होते.

आता स्वयंपाकघराच्या दारामागे पाळ्यांचा कागद लागला आहे. रात्रीची भांडी मुलांकडे, भाजी चिरणे नातवंडांकडे, आणि पहाटे पाचाचे पाणी तापविणे व चहा आमच्याकडे. सेवानिवृत्त मनुष्यास पहाटेची पाळी सोयीची असते. चुलीचा प्रश्न सुटला, असे आम्ही म्हणत नाही. तो दिवाळीनंतर पुन्हा निघेल. निघाला तर निघो. ‘योआ’वरील दोघे सोबती त्या पेट्यांच्या फळ्यांच्या खोपटात किनाऱ्यावर निराळे राहत होते, पण मोहीम एकच राहिली. एका छपराखाली अबोला धरून राहण्यापेक्षा दोन चुलींवर एकमेकांची वाटी जाणे बरे. मात्र ओझे कोणा एकीच्या डोक्यावर ठेवून, एकत्र कुटुंबाचे गोडवे कोणी गाऊ नयेत.

संस्कृतात ‘नौ’ या एकाक्षरी शब्दाचा अर्थ होडी. आणि अस्मद् सर्वनामाच्या द्विवचनाचे ‘आम्हां दोघांना’, ‘आम्हां दोघांचे’ असे रूपही ‘नौ’च. व्याकरणात या दोहोंचा काही संबंध नाही, हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे बजावून सांगितले. संसारात मात्र तो आहे, असे आमचे मत आहे.