लांबीखालची चीर



यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण यांची बजाज चेतक अजून नारायणगावात फिरते. यंदा पाय ठेवायच्या पत्र्याला चीर दिसली. दोन वर्षांपूर्वी तिथेच एकाने लांबी भरून रंग मारून दिला होता. वरून छान, पण आत पाणी मुरून पत्रा गंजत होता. मुलगा म्हणाला, "मम्मी, भंगारात देऊ." माझं मन होईना. मीच त्याच्यासोबत वेल्डिंगवाल्याकडे गेले.

तो म्हणाला, "काकू, चेतकला वेगळी चासी नसते. हा पत्राच सगळं वजन पेलतो. नुसती लांबी भरून कशी चालेल?"

त्याने आधी सीटखालची पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली. खालच्या खोबणीत मुंग्या होत्या, त्या मी मऊ फडक्याने हळूच बाजूला केल्या. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म येतं. आपण तो धंदा करत नाही, पण काम तर करून घेतो. मग निदान जयणा तरी आपल्या हातात आहे.

मग ग्राइंडरने रंग, लांबी, गंज सगळं घासून पत्रा लख्ख केला. चीर वाटली त्याहून लांब निघाली. ती पुढे धावू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक भोक पाडलं. कुजलेला भाग कापून नवा तुकडा बसवला. टाके एकामागे एक नाही, एक इथे तर एक तिथे, मध्ये थंड होऊ देत. घाई केली तर पातळ पत्रा वाकडा होतो. लांबी लावली, पण सगळ्यात शेवटी, पातळशी. खालूनही प्रायमर मारला.

घरी येताना मंचरच्या जाऊबाई आठवल्या. वाटणीपासून दर संवत्सरीला आम्ही फोनवर 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. पण कशाबद्दल, ते दोघींपैकी कुणी कधी बोललं नाही. आलोचना न करता मागितलेली क्षमा म्हणजे नुसती लांबीच की!

या वर्षी संवत्सरीआधी मी त्यांच्या घरी गेले. सासूबाईंच्या बांगड्यांवरून मी काय बोलले होते, ते शब्द तसेच्या तसे सांगून माफी मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग उठून चहा ठेवला.

एवढ्याने सगळं जुळलं असं नाही. पण पहिला टाका पडला. आता थोडं थंड होऊ देते.