मधुमेहाचे बिऱ्हाड

मधुमेहाने आमच्या देही बिऱ्हाड थाटले, त्यास आता नऊ वर्षे झाली. भाडेकरू तसा शांत. दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच त्याचे भय अधिक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा हे दुखणे आमच्या एकट्याचे नव्हे.

धर्मगुरूची खरी परीक्षा कुटुंबभेटीत होते. एका सायंकाळी सात घरे, आणि प्रत्येक घरी, "फादर, अर्धाच कप घ्या!" सात अर्ध्यांचे साडेतीन कप होतात, हे गणित त्या माउलींना कोणत्या तोंडाने सांगावे? नाताळात तर नेवऱ्यांचे ताटच पुढे येते. आम्ही आता दारातच पाणी मागून घेतो.

उपवासकाळातील पेच निराळा. काही वडीलधारी मंडळी सकाळी इन्शुलिन टोचून घेतात आणि राखेच्या बुधवारी दिवसभर उपाशी राहतात. वास्तविक १९८३ च्या धर्मसंहितेनुसार उपवासाचा नियम वयाची ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंतच आहे, आणि आजाऱ्यास त्यातून मोकळीक आहे. कम्युनियनपूर्वी एक तास काही न खाण्याचे बंधनही आजाऱ्यावर नाही. रक्तातील साखर ७० च्या खाली उतरली, घाम फुटला, हात कापू लागले, की मिस्सा चालू असली तरी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. आमच्या सॅक्रिस्टीत साखरेचा डबा असतो. त्याची जागा वेदीसेवकांना ठाऊक आहे, मुंग्यांनाही.

आमच्या मते या रोगात दूरच्या मोठ्या रुग्णालयाहून जवळचे माणूस मोलाचे. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी साखर वाढली एवढे सांगते. का वाढली, ते कागदावर उमटत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका आजींची साखर अशीच वाढत होती. शहरातील डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली, पुढच्या खेपेस आणखी वाढवली. आजी मात्र गोळी दिवसाआड घेत होत्या! महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या, म्हणजे नातवाची फी भरता येते. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितले नव्हते.

हे उघडकीस आणले ते गावच्या आरोग्यसेविकेने. त्या घरी आल्या, गोळ्यांची पाकिटे मोजली, आणि मग म्हणाल्या, "आजी, तळवे दाखवा." उजव्या तळव्यात काटा रुतून पू झाला होता. वाडीत अनवाणी वावरताना तो कधी रुतला, हे आजींना कळलेही नव्हते; पायाची जाणीवच बोथट झाली होती. रोज मलमपट्टी झाली, जखम भरायला दीड महिना लागला.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशी उलटलेल्यांची साखर आणि रक्तदाब विनामूल्य तपासतात, गोळ्याही मिळतात. कधी त्या संपलेल्या असतात, पुन्हा खेप पडते. रोजंदारीवरील माणसाला ती परवडत नाही, ही आमची तक्रार आहेच. तरी आजींच्या गोळ्या आता तेथूनच येतात, आणि त्या रोज घेतल्या जातात. आजी वाडीत चपला घालतात. स्वयंपाकघरात मात्र अजून अनवाणीच. आरोग्यसेविका त्यावरून रागावतात, आणि आजी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवतात.