ओट्यावरची सावली

मित्रांनो, हा लेख टाईल्सवर आहे. स्वयंपाकघरात ओट्यामागं भिंतीला लावतात त्या टाईल्सवर, आणि तिथल्या दिव्यावर. चळवळीतला माणूस रिटायर झाला की असाच घसरतो, असं म्हणाल. म्हणा. पण शेवटपर्यंत वाचून म्हणा.

आमच्या गावाकडच्या घरात चुलीमागची भिंत काळीकुट्ट होती. आई पंधरवड्याला तिच्यावर पांढऱ्या मातीचं पोतेरं फिरवायची. चार दिवस भिंत पांढरी, पाचव्या दिवशी पुन्हा काजळी. उजेड म्हणजे घासलेटची चिमणी. तीही मी अभ्यासाला बसलो की माझ्यापुढं. आई जाळाच्या उजेडात भाकरी थापायची. भाकरी भाजली का, हे ती वासावरून ओळखायची.

१९७९ साली आमच्या वस्तीत लाईट आली. गावात आधीच आली होती. खांब वेशीपाशी येऊन थांबले होते, आमच्याकडं येताना सगळंच थांबतं तसे. बापानं एक बल्ब आणला, साठ वॅटचा. लावला पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोवर. वस्ती गोळा झाली. जयभीमचा गजर झाला. त्या बल्बखाली मी मॅट्रिक झालो, हे मी कधी विसरणार नाही. पण मागं चूल अंधारात होती, आणि चुलीपुढं आई होती. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

आता चालू घराचं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९९६ साली आम्ही घर बांधलं. आठ बाय सातचं स्वयंपाकघर, काळ्या कडप्प्याचा ओटा, मागं हातभर टाईल्स आणि त्यांच्या सांध्यांत तीस वर्षांची हळद. तेलातली हळद पांढऱ्या सिमेंटात एकदा उतरली की घासून हात दुखतात, ती जात नाही. यंदा ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे काढले आणि म्हटलं, करून टाकू.

दुकानात गेलो. सगळा माल मोरबीचा, गुजरातहून आलेला. दुकानदारानं नावगाव विचारलं नाही, सरळ ओट्यामागं लावायच्या चित्रांच्या टाईल्स काढल्या. अन्नपूर्णा, कलश, लक्ष्मीची पावलं. ‘सगळे हेच नेतात साहेब.’ माझ्या अंगात वारं भरलं. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बावीस प्रतिज्ञा, सगळं त्याला तिथंच सांगितलं. देव नकोत! आणि ती केटली न् द्राक्षंही नकोत. दुकानातली पोरं बघत राहिली. बाहेर आलो तेव्हा मीटिंग जिंकल्यासारखं वाटत होतं.

बायको रिक्षात बसेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, ‘देव नाकारले, बरं केलं. पण दिवा कुठं लावायचा, ते मला विचारलं का?’

मी विचारलं नव्हतं. वायरमनला सांगून मोकळा झालो होतो. हॉलमध्ये फोटोवर दोन फोकस, स्वयंपाकघरात छताच्या मधोमध एक दिवा. झालं.

घरी आल्यावर तिनं मला ओट्यापुढं उभं केलं. हातात कांदा दिला, सुरी दिली. छतातला दिवा लावला. ‘चिरा.’ दिवा माझ्या पाठीमागं, वर. माझी सावली सरळ पाटावर पडली. कांदा सावलीत, सुरी सावलीत, बोटं सावलीत. खाली काळा कडप्पा, उरलासुरला उजेड गिळून बसलेला. ‘असं तीस वर्षं करते मी,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

दोस्तांनो, सावलीवर मी किती भाषणं दिली असतील. पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी आपल्याला बंदी होती, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि त्यांचा विटाळ होतो. हे मी किती स्टेजवरून सांगितलं! आणि माझ्याच घरात एक बाई स्वतःच्याच सावलीत राबत होती. नामांतराच्या दिवसांत रात्री-बेरात्री वीस-वीस पोरं भाड्याच्या खोलीवर यायची. आम्ही चर्चा करायचो. पिठलं-भाकरी आतून यायची. आत उजेड आहे का, हे एकाही क्रांतिकारकानं उठून पाहिलं नाही.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. समाज किती पुढं गेला हे मी त्यातल्या बायका किती पुढं गेल्या यावरून मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. आपण ते वाक्य पोस्टरवर लावतो. पोस्टर हॉलमध्ये असतं.

मग सगळं तिनंच ठरवलं. दुकानातून तीन-चार टाईल्सचे तुकडे आणले. त्यांवर तेल-हळद चोळून रात्रभर ठेवली आणि सकाळी फडक्यानं पुसलं. खडबडीत, नक्षीदार तुकड्यांच्या खाचांत पिवळं राहिलं. गुळगुळीत साफ निघाला. रंग फिका घेतला, म्हणजे भिंत उजेड परत देईल. फार चकचकीत नको म्हणाली, दिव्याची तिरीप डोळ्यात येते. टाईल मोठी, म्हणजे सांधे कमी. सांध्यांत साधं सिमेंट न भरता इपॉक्सी भरायला लावलं, त्याला हळद धरत नाही. दिवा वरच्या कपाटाच्या खाली, पुढच्या कडेला. एलईडीची पट्टी, ४००० केल्विनची. ६५०० च्या निळसर दिव्यात भाजी मेल्यासारखी दिसते, ३००० च्या पिवळ्यात कच्चं-पक्कं नीट कळत नाही, हे तिनं शेजारणीकडं जाऊन बघून ठरवलं. असला अभ्यास आपल्या किती शिबिरांत होतो?

वायर टाईल्सच्या आधी भिंतीत जायला हवी. मी आधी चुकीचं सांगितल्यामुळं नवा गिलावा पुन्हा फोडावा लागला. मिस्त्रीनं दीड दिवसाची मजुरी जास्त घेतली. ती मी मुकाट दिली. हॉलमधला एक फोकस रद्द केला, त्यात बरंच भागलं. फोटोवर एक आहे, पुरेसा आहे.

आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. काम झालं तेव्हा गावाहून आली. काठी टेकत आत गेली, भिंतीवर तळवा फिरवला. बोटं उलटी करून पाहिली. काजळी नव्हती. मग बटण दाबलं. ओटाभर उजेड पडला, बाजूला ठेवलेल्या मेथीची पानं न् पानं दिसली. बराच वेळ ती बघत राहिली. मला वाटलं, रडते. म्हातारी हसली.

‘लेकरा, चुलीपाशी उजेड हाय म्हन्ल्यावर तुमची चर्चा आता हितंच करा. कांदा चिरता चिरता.’

पुढच्या रविवारी पाच-सहा पोरं आली होती. मी त्यांना आत बोलावलं आणि सुरी हातात घेतली. पहिल्याच कांद्याला बोट कापलं. उजेड भरपूर होता. दोष त्याचा नव्हता.