जिथे वाचन अडते तिथून

घटक चाचणीचे गुण नोंदवून झाले की बहुतेक शाळांत ‘अप्रगत’ विद्यार्थ्यांची यादी तयार होते. यादीतल्या मुलांना शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर जादा तासाला बसवतात आणि वर्गात होऊन गेलेलाच धडा पुन्हा, जरा सावकाश शिकवतात. उपचारात्मक अध्यापन म्हणून वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. शिक्षकांची तळमळ त्यात नक्कीच असते. तरीही या तासाने फारसे साधत नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण मूल वाचताना नेमके कुठे अडते याचा शोध न घेताच तो सुरू होतो. यादीत मुलाचे गुण असतात. त्याने कोणता शब्द कसा वाचला, याची नोंद कुठेच नसते. आणि मागे पडलेल्या मुलाला पुढे नेण्याची सगळी सामग्री त्या नोंदीतच असते.

२०२४च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे हा प्रश्न वर्गातल्या दोन-चार मुलांचा उरलेला नाही. मागे पडणे हे एका जागी थांबतही नाही. ज्याला वाचता येते तो अधिक वाचतो, त्यातून शब्द मिळवतो आणि त्या शब्दांच्या बळावर पुढचे वाचन सोपे करून घेतो. ज्याला येत नाही तो वाचन टाळतो आणि दर वर्षी अंतर वाढत जाते. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली ही प्रक्रिया तपशिलाने मांडली. चौथीच्या पुस्तकाने गृहीत धरलेले वाचन ज्या मुलाला दुसरीत जमले नाही, त्याला चौथीचा धडा दोनदा शिकवला तरी ती उणीव तशीच राहते.

मराठीत हे अडणे कसे असते ते बारकाईने पाहिले पाहिजे, कारण वाचन-उपचाराच्या प्रचलित पद्धती बऱ्याचशा इंग्रजीवरून आल्या आहेत आणि आपल्या लिपीच्या अडचणी वेगळ्या आहेत. चौतीस व्यंजने आणि बाराखडीतली बारा रूपे धरली तर ४०८ चिन्हे होतात. जोडाक्षरे त्याहून निराळी. कन्नड मुलांवरील सोनाली नाग यांच्या संशोधनात दिसले की अशा लिपीची ओळख पहिलीत संपत नाही, ती चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते. आपल्याकडे मात्र दुसरीनंतर अक्षरओळख झाली असे समजून शिक्षक पुढे सरकतो. मग मुळाक्षरे अचूक म्हणणारे मूल ‘किरण’ या शब्दापाशी थबकते, कारण वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. दुसरे एखादे ‘कमळ’मधली तिन्ही अक्षरे सुटी वाचते, पण त्यांचा मिळून शब्द करू शकत नाही. तिसऱ्याला काना-मात्रा येतात, पण ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दुसऱ्या’ या शब्दांतला ‘र’ चार वेशांत समोर येतो, हे त्याला कुणी दाखवलेले नसते. ‘गंगा’, ‘चिंच’, ‘संत’ आणि ‘आंबा’ यांत अनुस्वाराचे टिंब एकच, उच्चार चार. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चा फरक लिपी दाखवतच नाही, तो कानाने आणि संदर्भानेच ओळखावा लागतो. आणखी एक मूल पहिले अक्षर आणि शेजारचे चित्र पाहून ‘मगर’ऐवजी ‘माकड’ म्हणून मोकळे होते. आणि घरी वारली, कोरकू किंवा भिली बोलणारे मूल सगळी अक्षरे उच्चारते, पण वाचलेल्या वाक्यातले अर्धे शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात.

चाचणीत या सगळ्यांना दहापैकी दोन गुण मिळतील. यादीत ती एकाच रांगेत बसतील आणि जादा तासाला एकच धडा ऐकतील. प्रत्यक्षात ‘कमळ’वाल्या मुलाला पुस्तक बाजूला ठेवून तोंडी ध्वनी जोडण्या-तोडण्याचे खेळ हवेत. वेलांटीवर अडलेल्याला त्याच्या ओळखीच्या शब्दांतून वेलांटी पुन्हा पुन्हा भेटली पाहिजे. अंदाज बांधणाऱ्याला काही दिवस चित्राविना मजकूर द्यावा. अचूक पण रखडत वाचणाऱ्याने तोच छोटा उतारा तीन-चारदा वाचायला हवा, म्हणजे सगळे लक्ष अक्षरांतच अडकून न राहता अर्थाकडे वळू शकेल. वारली बोलणाऱ्या मुलाला तर आणखी अक्षरे घोटायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे; त्याला गप्पा, गोष्टी आणि स्वतःच्या भाषेतून मराठीकडे येणारी वाट हवी. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ सालीच सांगितले होते की आकलन हा लिपी उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही वाढवा, हाती शून्यच येते. कोणती बाजू कच्ची आहे हे पाहिल्याशिवाय काय शिकवायचे हे ठरवता येत नाही.

एवढे निदान करायला वेळ कुठून आणायचा, हा पहिला आक्षेप. एका मुलाचे वाचन ऐकून चुका जशाच्या तशा टिपायला पाच मिनिटे पुरतात. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी अशा नोंदीची शिस्तशीर रीत घालून दिली. तीस मुलांच्या वर्गाला अडीच तास लागतील आणि ते आठवडाभरात विभागता येतील. ‘असर’ची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही चढण गट पाडायला चांगली आहे, गटात काय शिकवायचे ते मात्र चुकांच्या नोंदीवरूनच कळते.

नोंद करून थांबले तर तीही फुकट जाते, याचा भक्कम पुरावा हरियाणात मिळाला. तिथे २०१२-१३ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणि ‘प्रथम’ या संस्थेची पातळीनुसार शिकवण्याची पद्धत, या दोन्हींची पारख झाली. नुसत्या मूल्यमापनाने मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. जिथे रोज एक तास मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवले आणि शिक्षकांच्या पाठीशी मार्गदर्शक उभे राहिले, तिथे हिंदी वाचन सुधारले. शिकवणारे नेहमीचे सरकारी शिक्षकच होते. त्याआधी बिहार आणि उत्तराखंडात साहित्य व प्रशिक्षण दिले गेले, पण वेगळा वेळ राखला नव्हता. तिथे शिक्षक पाठ्यपुस्तकाकडेच परतले. वेळापत्रकात जागा नसलेली पद्धत टिकत नाही. म्हणून हे काम शाळा सुटल्यानंतर, दमलेल्या मुलांवर ढकलू नये. ते शाळेच्या तासांतच व्हावे.

अशाने अभ्यासक्रम मागे पडेल, असे मुख्याध्यापक म्हणतील. पण वाचता न येणाऱ्या मुलासमोर पूर्ण केलेला अभ्यासक्रम केवळ टाचणवहीत पूर्ण झालेला असतो. गट पाडल्याने मुलांवर शिक्का बसतो, ही शंका मला जास्त गंभीर वाटते. गट वर्षभर तेच राहिले तर शिक्का बसणारच. म्हणून गट फक्त भाषेच्या तासापुरता असावा, दर काही आठवड्यांनी चुकांच्या ताज्या नोंदीवरून बदलावा आणि उरलेला दिवस सगळ्यांनी एकत्र बसावे. आजची पद्धतही शिक्का मारतेच. ‘अप्रगत’ हा शब्द मुलांना व्यवस्थित समजतो.

अक्षरांच्या चुकांमागे लागल्याने वाचनातला जीव जाईल, असे म्हणणारेही आहेत आणि त्यांची भीती खरी आहे. वाडा तालुक्यातील मराठी आणि यादगीरमधील कन्नड शाळांत झालेल्या दीर्घ अभ्यासात आढळले की वर्गाचा बहुतेक वेळ लिपीवर जातो, अर्थाला जागा उरत नाही. आणि एवढे करूनही तिसरीच्या अखेरीस अनेक मुलांना साधा उतारा वाचता येत नाही. यावरून लिपी शिकवणे सोडावे असे निघत नाही. संपूर्ण बाराखडी घोकून होईपर्यंत शब्दाची वाट पाहायला लावणारी रीत सोडावी, असे निघते. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी मोजकी अक्षरे आणि स्वरचिन्हे बरोबरीने शिकवून मुलांना लवकर अर्थपूर्ण शब्दांपर्यंत नेण्याची पद्धत रुजवली. मागे पडलेल्या मुलाला तर याची अधिकच गरज असते. जादा तासासाठी त्याला गोष्टीच्या तासातून उठवणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. भाषेची बाजू वाढते ती तिथेच.

राहता राहिला अध्ययन अक्षमतेचा प्रश्न. काही मुलांना चांगले शिकवूनही वाचन अतिशय कष्टाने येते, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली हे योग्यच झाले. परंतु प्रमाणपत्राने परीक्षेत सवलत मिळते, वाचन मिळत नाही. या मुलांना लागणारे शिक्षण वर सांगितले त्याच जातीचे असते, फक्त अधिक क्रमबद्ध, अधिक सरावाचे आणि अधिक काळ चालणारे. शिवाय आधी वर्गात नीट निदान करून शिकवले असेल, तरच कोणत्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवावे हे शिक्षकाला कळेल. नाहीतर न शिकवलेले मूल आणि शिकूनही अडखळणारे मूल यांत त्याला फरक दिसणार नाही. निपुण अभियानाने तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान साठ शब्दांचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते तपासायला शिक्षक आता प्रत्येक मुलाचे वाचन ऐकतोच आहे. शब्दांच्या आकड्याशेजारी अडलेले शब्द लिहायला एक रकाना तेवढा वाढवावा, आणि पुढच्या आठवड्याचे गट त्या रकान्यावरून पाडावेत.